ऐकणारे कुठून आणायचे?

बऱ्याच दिवसांत इथे काही टंकलं नाही. कारणं नेहमीचीच... गुडघे, पाहुणे आणि आमच्या मोहन्याची वीज. पण आज विषय असा आहे की लिहिल्यावाचून राहवेना. विषय आहे पॉडकास्ट. (हसा, हसा! सत्तरी ओलांडलेल्या बाईने पॉडकास्टवर लिहायचं म्हणजे आजीबाईंनी क्रिकेटची कॉमेंट्री करण्यासारखंच.)

आमच्या धाकट्या जाऊबाई हे पान नेमाने वाचतात, तेव्हा आधी त्यांच्यासाठी चार ओळी. पॉडकास्ट म्हणजे आपला रेडिओच, फक्त वेळेचं बंधन नसलेला. आपल्या वेळी 'वनिता मंडळ' लागलं आणि तेवढ्यात दूध उतू गेलं तर पुढचं गेलं ते गेलंच. इथे बोट लावलं की थांबतं, परत लावलं की चालू. शिवाय कार्यक्रम करायला आकाशवाणी केंद्र लागत नाही. एक बरासा फोन आणि शांत खोली पुरते. हा शब्द बेन हॅमर्स्ली नावाच्या इंग्रज पत्रकाराने २००४ साली 'गार्डियन'मध्ये लिहिला, 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' हे दोन शब्द जोडून. गंमत म्हणजे तो आयपॉड २०२२ साली अॅपलने बंदसुद्धा केला, शब्द मात्र राहिला. माणूस गेला तरी आडनाव मागे राहतं ना, तसं.

तर माझ्या शाळेतल्या शेवटच्या वर्षांतली एक विद्यार्थिनी आहे, जवळच्याच वडवलीची, आगरी घरातली. नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. रोज आंबिवलीहून लोकलने ठाण्याला नोकरीला जाते आणि रविवारी आजीचं बोलणं रेकॉर्ड करते. तिची आजी धवलारीण आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... आपल्या ठाणे-रायगड पट्ट्यातल्या आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारीण लावते. ती बाई असते आणि तिचे मंत्र म्हणजे धवले. लग्नघरात प्रत्येक विधीच्या वेळी म्हणायचा धवला वेगळा. हे कुठे लिहून ठेवलेलं नसतं. सासूकडून, आत्याकडून, थोरल्या जावेकडून ऐकून ऐकून तोंडात बसायचं. बी.ए.ला आम्हाला महानुभाव साहित्य होतं, त्यात महदाइसेचे 'धवळे' होते. तेराव्या शतकातली बाई, मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो, आणि तिचे ते धवळे म्हणजे कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी. श्रीगोविंदप्रभूंच्या समोर रचलेली. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि पेपर देऊन मोकळे झालो. मोहन्याला राहायला आल्यावर पहिल्यांदा एका हळदीला गेले, कोपऱ्यात बसून एक म्हातारी काहीतरी संथ सुरात म्हणत होती. शेजारणीला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "धवला". आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो हे लक्षात आलं आणि माझ्या अंगावर काटा आला हो! सातशे वर्षांपूर्वीचा शब्द पाठ्यपुस्तकातून उठून माझ्यासमोर नऊवारी नेसून बसला होता.

आता हळदीला डीजे असतो. धवलारीण बोलावतात, पण तिच्या शेजारीच स्पीकरची भिंत. दोन कडवी झाली की कुणीतरी पोरगा म्हणतो, "आजी, आवरा." मी पोरांना नावं ठेवत नाही, त्यांच्या वयात आम्हीही कीर्तनात डुलक्याच काढल्या.

या पोरीने आजीकडून जमतील तेवढे धवले रेकॉर्ड केले. गोधडी दाराला लावून, कारण कसाऱ्याची गाडी गेली की भिंत हलते. तर एके ठिकाणी अडलं. एका मोठ्या धवल्याचा मधला भाग आजीला आठवेना. सुरुवात येते, शेवट येतो, मधे चार-पाच कडवी गळतात. आजी हा धवला तिच्या आत्याकडून शिकली, आत्या पनवेलच्या बाजूला दिलेली, जाऊन चाळीस वर्षं झाली. आजीचं स्वतःचं वय पंच्याऐंशीच्या पुढे.

म्हणून पोरीने पॉडकास्ट काढला. दर रविवारी एक धवला, आणि मग आजी आगरीत त्याचा अर्थ सांगते, कुणाच्या लग्नात काय गोंधळ झाला ते सांगते. (हे गोंधळच खरे ऐकण्यासारखे. एका लग्नात नवरदेव मांडवातून उठून भरतीची वेळ झाली म्हणून होडी बांधायला गेला होता!) पोरीला नाव नको, पैसा नको. तिला ऐकणारे हवेत ते एवढ्यासाठी की त्यांतल्या कुणाला तरी ती मधली कडवी येत असतील. हे नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर आहे.

ऐकणारे होते किती? चाळीस-पंचेचाळीस. त्यात अर्धे तिचे नातेवाईक, आणि मी.

मग तिला सगळ्यांनी एकच सल्ला दिला. 'कोलॅब' कर. आजकाल मंत्रच झालाय हा. म्हणजे दुसऱ्या कार्यक्रम करणाऱ्याबरोबर मिळून काही करायचं. त्याचेही प्रकार आहेत, मी वहीत लिहून घेतलेत. एक, त्याला आपल्याकडे पाहुणा बोलवायचं आणि आपण त्याच्याकडे पाहुणे जायचं. दोन, माझ्या कार्यक्रमात मी तुझी दोन वाक्यांत ओळख करून देते, तुझ्यात तू माझी दे. तीन, त्याचा एक अख्खा भागच आपल्या श्रोत्यांना ऐकवायचा, याला 'फीड ड्रॉप' म्हणतात. इन्स्टाग्रामवर तर २०२१ पासून एकच पोस्ट दोघांच्या नावावर टाकता येते, दोघांच्याही लोकांना दिसते. हिशेब सोपा. माझे पन्नास तुला, तुझे पाच हजार मला.

हे उगाच चालत असेल असं मात्र नाही. 'भाडिपा' २०१६ साली सुरू झालं. सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन या तिघांनी काढलं. त्यात अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी हे दोघे राधिका आपटेसारख्या नावाजलेल्या मंडळींना समोर बसवून त्यांची फिरकी घ्यायचे. माझ्या नातवाने मला ते दाखवलं तेव्हा मी त्या पाहुण्यांसाठीच बघायला बसले, आणि लक्षात राहिली ती ही दोन पोरं. आता 'अमुक तमुक'मध्ये ओंकार जाधव आणि शार्दूल कदम हे दोघे वेगवेगळ्या विषयांतल्या जाणकारांना बोलावून मराठीत निवांत गप्पा मारतात. त्या डॉक्टरचे रुग्ण, त्या लेखकाचे वाचक आपोआप तिकडे वळतात. यात आश्चर्य काही नाही. आपल्याकडे अनोळखी माणसाला दार उघडत नाहीत, पण "मला अमक्याने पाठवलंय" म्हटलं की पाट मांडतात. पाहुणा हा एक प्रकारचा जामीन असतो.

तर पोरीने कोलॅब केलं. मला विचारायच्या आधीच. विनोदी व्हिडिओ करणारा एक मुलगा आहे. कुठला, कोण ते राहू दे. त्याच्यामागे लाखभर लोक. आगरी बोली म्हटली की या मंडळींचं एक ठरलेलं सोंग असतं: गळ्यात जाड साखळी, डोळ्याला काळा चष्मा आणि तोंडात 'हाय-नाय'. तो आला, आजीला नमस्कार केला, पाया पडला, आजीने त्याला जेवायला घातलं. तासभर रेकॉर्डिंग झालं. त्याने स्वतःकडे टाकली ती दीड मिनिटाची चकती. आजी धवला म्हणताना मधेच दात नसल्यामुळे एक शब्द घसरतो आणि हा कॅमेऱ्याकडे बघून डोळे मोठे करतो, ती.

चार दिवसांत ऐकणारे हजाराच्या वर गेले! पोरगी आनंदाने फोनवर ओरडत होती. पुढच्या रविवारी नेहमीसारखा भाग आला, आणि ऐकणारे पुन्हा साठ. आणि त्या दीड मिनिटाखाली लोकांनी जे लिहिलं होतं ते मी इथे उतरवणार नाही. आजीला वाचता येत नाही, ती सुखात. पण पोरीच्या वडिलांना येतं. त्यांनी सगळं वाचलं आणि जेवताना एवढंच म्हणाले, "आता पुरे झाला." त्यांच्या आईचा आवाज, त्यांच्या घरातला. त्यांनी नाही म्हटलं की संपलं. पोरगी दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता थेट माझ्याकडे आली.

माझ्या मुलाला हे सांगितलं तर तो म्हणतो, "आई, साठ तर साठ, आधी पंचेचाळीस होते ना? पंधरा वाढले की! आकडा म्हणजे आकडा." मी पस्तीस वर्षं हजेरी घेतली आहे, मला आकडे शिकवू नये. पटावर साठ, वर्गात चाळीस आणि ऐकणारी दहा. बाकीची खिडकीबाहेर. मास्तर त्या दहांच्या जिवावर वर्ष काढतो.

मी तिला सल्ला वगैरे दिला नाही. दोन जुन्या गोष्टी सांगितल्या. त्या तुम्हालाही सांगते, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिली संयुक्त मानापमानाची. मुंबईत ८ जुलै १९२१ ला बालीवाला थिएटरात हा प्रयोग झाला. एका बाजूला बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी, दुसऱ्या बाजूला केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श. त्या काळात या दोन कंपन्या म्हणजे दोन घराणीच. दोघांचे भक्त वेगळे, आणि भक्त कसले, भांडखोर! एकमेकांचं नाव काढलं तरी नाक मुरडणारे. खाडिलकरांचं 'मानापमान' मूळ १९११ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणलेलं, गोविंदराव टेंब्यांच्या चाली. त्यात भामिनी बालगंधर्वांची. पुढे केशवरावांनीही आपल्या कंपनीत ते नाटक केलं, त्यांचा धैर्यधर गाजला. म्हणजे नाटक एक आणि गिऱ्हाइकं दोन पेठांतली. लोकमान्य जाऊन वर्ष होत आलं होतं, टिळक स्वराज्य फंडाला पैसे हवे होते. तेव्हा हे दोघे एका रंगमंचावर आले. गंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर.

आता बघा, कुणी कुणाला पाहुणा म्हणून बोलावलं नव्हतं. कुणी यजमान नव्हता. धैर्यधर-भामिनीच्या नाटकात दोघांनाही आपापली पूर्ण जागा. एकाने गायचं आणि दुसऱ्याने डोळे मोठे करायचे, असं नाही! दोघांनीही जीव तोडून गायलं म्हणतात. आणि मुख्य म्हणजे आलेले लोक. केशवरावांचा भक्त गंधर्वांवर कितीही जळत असेल, पण तोही नाट्यसंगीताचाच वेडा होता. त्याला ते गाणं ऐकण्याचा कान होता. घरी जाताना तो वादच घालत गेला असेल, पण पदं दोघांचीही गुणगुणत. पुढे तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ ला, केशवराव विषमज्वराने गेले. वय एकतीस. तो प्रयोग झाला नसता तर गंधर्वांच्या कित्येक चाहत्यांनी केशवरावांना कधी ऐकलंच नसतं.

दुसरी गोष्ट गीतरामायणाची. ही आमच्या घरातलीच. म्हणजे मी तेव्हा शाळेतही जात नव्हते, पण आईकडून इतक्यांदा ऐकलं आहे की मीच ऐकलं असं वाटतं. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पहिलं गीत लागलं. वार शुक्रवार, सकाळी पावणेनऊ. तेच गीत शनिवारी आणि रविवारी परत. आठवड्याला एक नवं गीत. लिहिणार गदिमा, चाल बाबूजींची, आणि हे करून घेणारे आकाशवाणीतले सीताकांत लाड. ठरली होती बावन्न गीतं, पण त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून झाली छप्पन्न!

आता नीट विचार करा, पॉडकास्ट यापेक्षा वेगळा काय असतो? दर आठवड्याला ठरल्या दिवशी एक भाग. आणि गाणारे किती? आज आपल्याला गीतरामायण म्हटलं की बाबूजीच आठवतात, पण मूळ प्रसारणात कितीतरी आवाज होते. वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा, मालती पांडे, ललिता फडके, गजानन वाटवे, राम फाटक, सुरेश हळदणकर, योगिनी जोगळेकर... एकेकाचं स्वतःचं गाणं, स्वतःचे चाहते. माणिकबाईंच्या ठुमरीसाठी कान टवकारणारा माणूस शुक्रवारी सकाळी रेडिओ लावायचा आणि पुढच्या शुक्रवारी वाटव्यांना ऐकायचा. भावगीतवाला शास्त्रीयवाल्याला भेटायचा, तोही दाढी करता करता. पुण्यातली वर्तमानपत्रं त्या आठवड्याचं गीत छापायची. हाही एक कोलॅबच. रेडिओ नसलेल्या घरात शब्द पोचायचे, आणि शब्द वाचलेला माणूस चाल ऐकायला शेजारच्या ओट्यावर जायचा. आमची आई कात्रणं डब्यात ठेवायची. १९५७ च्या दसऱ्याला दिल्लीहून खिशात मावेल असं पुस्तकच निघालं.

पण आवाज बदलले तरी लिहिणारा आणि चाल लावणारा तोच. वार तोच, वेळ तीच. पाहुण्याला ऐकायला आलेल्या माणसाला पुढच्या शुक्रवारी परत यायला एक घर होतं. (आमच्या मोहन्यात एनआरसी कंपनी चालू होती तेव्हा तिच्या भोंग्यावर अख्खं गाव घड्याळं लावायचं. भोंग्यात संगीत काय होतं? काही नाही. पण तो कधी चुकायचा नाही. २००९ मध्ये कंपनी बंद झाली, आणि मला किती तरी दिवस सकाळी उठायला उशीर व्हायचा.)

हे सगळं ऐकून पोरगी म्हणाली, "बाई, पण माझ्याकडे ना बालगंधर्व ना माणिक वर्मा."

मी म्हटलं, बाई गं, तुझे बालगंधर्व कोण ते तू शोध. मला एवढंच सांग की धवला जिला कळतो, जिला ऐकल्यावर पुढची ओळ आठवू शकते अशी बाई दिवसभर फोनवर काय बघत असेल? ती विनोदी मुलाचे व्हिडिओ बघते का? पोरीने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "माझी मोठी काकी बघते ते. सुकटीची चटणी."

आणि खरंच, उरणकडची एक बाई आहे, पन्नाशीची, घरच्या ओट्यावर फोन उभा करून स्वयंपाक दाखवते. बोंबील, जवळा, आगरी मसाला, तांदळाची भाकरी, हळदीच्या दिवशी करतात ते वडे. सगळं आगरीत, कुठेही सोंग नाही. तिच्यामागे लाखभर नाहीत, काही हजार असतील. पण कोण आहेत बघितलं का? चाळिशी ते साठीच्या बायका, नवी मुंबईपासून अलिबागपर्यंतच्या, लग्नघरात चुलीपाशी बसून ज्यांनी आयुष्यभर धवले ऐकलेत त्या.

पोरीने तिला फोन केला. ती बाई म्हणाली, येते, पण मी बोलेन काय? मला गायला येत नाही. म्हटलं, हळदीच्या दिवशीचं सांगा. पिठाच्या परातीपाशी काय काय चालतं ते. ती आली, येताना मसाल्याची बरणी घेऊन. या वेळी वडिलांची अट होती की आईला ऐकवल्याशिवाय काहीही बाहेर जाणार नाही. पोरीने आजीला आणि त्या बाईला दोघींनाही पूर्ण भाग ऐकवला. आजीने एक वाक्य काढायला लावलं, मयत चुलतसासऱ्याबद्दलचं. काढलं. मग पोरगी आणि आजी उलट उरणच्या बाईंच्या ओट्यावर गेल्या. तिथे आजीने भाकरी थापली, एका हातावर, आणि थापता थापता धवला म्हटला. कुणी डोळे मोठे केले नाहीत. भाकरी फुगली तेवढीच काय ती गंमत!

हजार वगैरे काही झाले नाहीत. त्या आठवड्यात दीडशे, पुढच्या आठवड्यात एकशे ऐंशी, मग दोनशेच्या आसपास, आणि तिथेच राहिले. गेले नाहीत. माझा मुलगा म्हणाला, "एवढंच?" मी काही बोलले नाही.

कारण तिसऱ्या आठवड्यात पनवेलच्या बाजूच्या एका गावातून आवाजाचा निरोप आला. सुनेने रेकॉर्ड करून पाठवला होता. तिची सासू धवलारीण. ती म्हणते, तुमच्या आजीने जो अर्धा सोडला तो मला येतो. आणि मागून कोंबडीच्या आवाजात, पंख्याच्या आवाजात, कापऱ्या पण पक्क्या सुरात ती कडवी!

मला पोरीने रात्री साडेदहाला फोनवर ऐकवलं. तिला रडू येत होतं. मलाही आलं, लपवत नाही. महदाइसेच्या वेळी फोन असता तर, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी आजीला ऐकवलं. आजीने डोळे मिटून पूर्ण ऐकलं, परत लावायला सांगितलं, परत ऐकलं. आम्ही सगळे श्वास रोखून. मग आजी म्हणाली, "आमचे गावान असा नाय."

चूक आहे म्हणे! पहिली दोन कडवी बरोबर, पुढची दुसऱ्याच धवल्यातली घुसडली आहेत. पनवेलच्या आजींना हे कळवलं तर त्यांचा उलट निरोप आला, तो मी इथे लिहू शकत नाही, पण सारांश असा की वडवलीच्या लोकांना धवले कधी कळलेच नाहीत. पोरगी घाबरली. एवढी मुश्किलीने माणसं जोडली आणि आता भांडण. तिला वाटलं हे दोन्ही निरोप गुपचूप पुसून टाकावेत आणि गोड गोड भाग करावा.

इथे मात्र मी सल्ला दिला. म्हटलं, अजिबात पुसू नकोस. दोघींना विचार, दोघींची परवानगी घे, फोन जोडून दे आणि तू मधे बोलू नकोस.

दोघी तयार होत्या, अगदी हौसेने. पाऊण तास भांडल्या. आधी कडव्यांवरून, मग चालीवरून, मग मांडवाला कोणत्या झाडाचा टाळ लावतात त्यावरून, आणि मग मधेच पनवेलच्या आजींनी विचारलं, तुझी आत्या ती, त्या वाड्यावरची, डाव्या गालावर तीळ असलेली का? आजी गप्पच झाली. फोनमध्ये बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज आहे. पोरीने तो कापला नाही, शहाणी आहे. पनवेलच्या आजी लहानपणी त्याच आत्याच्या मांडीवर बसून हे शिकल्या होत्या. म्हणजे दोघी एकाच मास्तरणीच्या विद्यार्थिनी, आणि दोघींना वेगवेगळं आठवतंय. वर्गात हे मी शंभर वेळा पाहिलंय!

हा भाग आतापर्यंत सगळ्यांत जास्त ऐकला गेला. आकडा विचारू नका, विनोदी मुलाच्या दीड मिनिटापुढे तो काहीच नाही. पण त्याखाली तीन बायकांनी आपापल्या गावचं कडवं लिहून पाठवलंय, आणि तिन्ही वेगळी आहेत. पोरगी आता वही करते आहे, गाववार. मी तिला शुद्धलेखन तपासून देते, म्हणजे खरं तर तपासत नाही. जसं बोललं तसंच लिही एवढंच सांगते, 'ळ' घालू नकोस म्हणते. (माझ्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांनो, वाचताय ना? बाईंनी 'ळ' सोडून दिला!)

विनोदी मुलाचा परत निरोप आला होता म्हणे, भांडणाचा भाग मस्त आहे, त्यातले दोन मिनिटं दे, मी टाकतो. पोरीने वडिलांना विचारलं. वडिलांनी आजीला विचारलं. आजी म्हणाली, त्या पोराला सांग, जेवायला ये, पण फोन घरी ठेवून ये.

ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी मला कळवा, मी दुवा पाठवते. जाऊबाई, तुमच्या फोनमध्ये घालून द्यायला मी रविवारी येतेच आहे. पनवेलच्या आजी थंडी पडली की वडवलीला येणार आहेत, समोरासमोर बसून काय तो निकाल लावायला. आजीची तयारी सुरू आहे. गोधड्या उन्हात टाकून झाल्या, आणि उरणच्या बाईंना मसाल्याची दुसरी बरणी सांगून ठेवली आहे.